हू, व्हिच, दॅट की हूम? एका स्वल्पविरामापायी शेठच्या शिव्या खाल्ल्या

निफाडकर_मणी · सोमवार, रात्री ९:४०

मंडळी नमस्कार. बरेच दिवस नुसताच वाचत होतो, आज धागा काढायची वेळ आली कारण परवा ऑफिसात पार अब्रू गेली. मी पिंपळगावकडच्या एका पॅकहाउसमध्ये कागदपत्रं बघतो. द्राक्षाचा सीझन लागला की जानेवारी ते एप्रिल पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, फायटो (मालात रोगकीड नसल्याचा दाखला) आणि बायरला मेल, बाकी आयुष्य नाही. तर झालं असं की हॉलंडला जाणाऱ्या कंटेनरचं लोडिंग व्हायच्या आधी अवकाळी आला आणि प्री-कूलिंगच्या दारातून पाणी आत येऊन दोन पॅलेटची खोकी ओली झाली. आम्ही तेवढी खोकी बदलली, माल एकदम ओके होता, मणीगळ नाही काही नाही. म्हटलं लपवायचं कशाला, बायरला सांगून टाकू, आणि मेल टाकला:

"द बॉक्सेस, व्हिच वेअर वेट, हॅव बीन चेंज्ड."

मला म्हणायचं होतं की जी खोकी ओली झाली ती बदलली. बायरने रात्री साडेअकराला थेट शेठला फोन लावला की सगळा कंटेनर भिजला आणि तुम्ही मला एका ओळीत कळवता? शेठची झोप उडाली, मग त्यांनी माझी उडवली. सकाळी फोटो, पॅलेट नंबर, सगळं पाठवलं तेव्हा प्रकरण शांत झालं. बायरच्या ऑफिसातल्या बाईंनी नंतर नम्रपणे लिहिलं की दोन स्वल्पविराम काढले असते तर आम्ही घाबरलो नसतो.

आता मला सांगा, स्वल्पविरामाने एवढं काय होतं? आणि वर्डमध्ये व्हिच लिहिलं की खाली निळी रेघ येते, दॅट केलं की जाते, म्हणजे व्हिच चूकच असतं का? आणि हूम नावाचं जे प्रकरण आहे ते मला सातवीपासून कळलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतला आहे, सांभाळून घ्या.

सातपूरचा_फिटर · सोमवार, रात्री ९:५५

शेठला सांगायचं ना की स्वल्पविराम पावसाने पडला :)

मिसळप्रेमी_३ · सोमवार, रात्री १०:०२

माझं सोपं आहे, माणूस असला की हू, वस्तू असली की व्हिच, शंका आली की दॅट. आजवर कोणी फोन केला नाही.

गुरुजी_पंचवटी · सोमवार, रात्री १०:४८

मणीराव, मिसळप्रेमींचा नियम वाईट नाही, निम्मं गाव त्यात सुखरूप पार होतं. पण तुमचा घोळ शब्दाचा नाहीच, तो स्वल्पविरामाचाच आहे. तीस वर्षं मुलांना हे शिकवलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, चालवून घ्या.

तुमच्या वाक्यात "व्हिच वेअर वेट" या तुकड्यावर बोट ठेवा आणि उरलेलं वाचा. "द बॉक्सेस हॅव बीन चेंज्ड." काय कळलं? खोकी बदलली. कुठली? सगळी. आता तुम्हाला सगळी म्हणायची होती का? नाही. म्हणजे झाकलेला तुकडा हा खोकी निवडणारा तुकडा होता, त्याच्याशिवाय कुठली खोकी ते कळत नाही. असा तुकडा नावाला चिकटून राहिला पाहिजे, मध्ये स्वल्पविराम नको. "द बॉक्सेस दॅट वेअर वेट हॅव बीन चेंज्ड." संपलं, दोनच पॅलेट.

स्वल्पविराम टाकला की तोच तुकडा नुसती जाता जाता दिलेली माहिती होतो. सगळी खोकी बदलली, आणि हो, ती ओली होती बरं का. बायरने हेच वाचलं. त्याचं काही चुकलं नाही.

घरातलं उदाहरण घ्या. "माय ब्रदर, हू लिव्ह्ज इन देवळाली, इज अ टेलर." मला एकच भाऊ, तो देवळालीत असतो, शिंपीकाम करतो. स्वल्पविराम काढा, "माय ब्रदर हू लिव्ह्ज इन देवळाली", की ऐकणारा समजतो याला आणखी भाऊ आहेत, त्यातला देवळालीचा. बायकोच्या बाबतीत हा स्वल्पविराम विसरू नका, एवढंच सांगतो.

विशेषनाम असेल तर निवडायचं काही उरतच नाही. गोदावरी एकच. म्हणून "द गोदावरी, व्हिच राइजेस निअर त्र्यंबकेश्वर," इथे स्वल्पविराम हवा. पण "द रिव्हर दॅट फ्लोज थ्रू नाशिक" इथे नको, कारण नद्या पुष्कळ.

निफाडकर_मणी · सोमवार, रात्री ११:१०

गुरुजी, बोट ठेवून वाचलं. अंगावर काटा आला. मागच्या वर्षीचे मेल उघडून बघायची हिंमत नाही आता.

न्यूजर्सी_व्हाया_नाशिकरोड · मंगळवार, सकाळी ६:२०

सिंपल रूल आहे, इथे अमेरिकेत सगळे पाळतात. निवडायचं असेल तर दॅट, स्वल्पविराम नाही. जादा माहिती असेल तर व्हिच, स्वल्पविरामासकट. स्वल्पविरामाशिवाय व्हिच म्हणजे चूक. वर्डची निळी रेघ त्याचसाठी.

वाचनालयातला_कोपरा · मंगळवार, दुपारी १:१५

न्यूजर्सीभाऊ, चूक नाही हो, तो तुमच्याकडच्या संपादकांचा आवडीचा नियम आहे. ब्रिटिश इंग्रजीत "द बॉक्सेस व्हिच वेअर वेट" स्वल्पविरामाशिवाय सर्रास लिहितात आणि त्याचा अर्थ ओली तेवढीच खोकी असा होतो. हा दॅट-व्हिचचा वाटा पाडायची कल्पना गाजली ती हेन्री फाउलर या इंग्रजाच्या १९२६ सालच्या कोशामुळे. आणि त्यानेही प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की असं केलं तर बरं होईल, पण बहुतेक लोक किंवा चांगले लेखक असं करतात म्हणणं खोटं ठरेल. सूचना इंग्रजाची, मनावर घेतली अमेरिकनांनी.

बरं तुमच्याच अध्यक्षांचं घ्या. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी, ८ डिसेंबर १९४१ ला, रूझवेल्ट काय म्हणाले? "अ डेट व्हिच विल लिव्ह इन इन्फमी." निवडणारा तुकडा, आणि व्हिच. निळी रेघ मारा त्यांना.

अजून मागे गेलात तर माणसालासुद्धा व्हिच लागायचं. १६११ च्या बायबलमधली प्रार्थना "अवर फादर व्हिच आर्ट इन हेवन" अशी आहे, साक्षात देवाला व्हिच. तेव्हा मिसळप्रेमींचा "माणूस असला की हू" हा नियमही आत्ताआत्ताचा म्हणायचा.

मी इतकंच म्हणेन की उलटं मात्र कोणीच चालवून घेत नाही. स्वल्पविरामानंतर दॅट नको. "द गोदावरी, दॅट राइजेस" हे दोन्हीकडे खटकतं.

न्यूजर्सी_व्हाया_नाशिकरोड · मंगळवार, संध्याकाळी ६:०५

ओके, रूझवेल्टवाला मुद्दा मान्य. तरी मणी, तू एक्स्पोर्टमध्ये आहेस, तू माझाच नियम पाळ. बायर कुठला का असेना, गैरसमजाला जागा राहत नाही.

गुरुजी_पंचवटी · मंगळवार, संध्याकाळी ७:३०

याला माझं अनुमोदन. कोपरेसाहेबांचं खरं आहे, पण धंद्याच्या मेलमध्ये न्यूजर्सीकरांचं ऐका.

आता हूम. मणीराव, तुम्हाला हूम येतं, फक्त मराठीत येतं. "जो माणूस आला", "ज्याला मी भेटलो", "ज्याचा ट्रक आहे". जो कधी ज्याला होतो, कधी ज्याचा होतो, हे तुम्हाला कोणी शिकवलं नाही, तरी चुकत नाही. तसंच जो म्हणजे हू, ज्याला म्हणजे हूम, ज्याचा म्हणजे हूज. आणि रूप ठरतं ते आतल्या छोट्या वाक्यातल्या कामावरून, बाहेरच्या वाक्याशी त्याचा संबंध नाही. "ज्याला मी फोन केला तो आला": माणूस बाहेर कर्ता आहे, तरी आत ज्याला. "द ड्रायव्हर हूम आय कॉल्ड हॅज कम."

कॉलेजरोडची_ताई · मंगळवार, रात्री ९:२०

गुरुजी, तुमच्याबद्दल आदर आहे पण हे पोरांना असंच सांगून सोडलं की पुढचं निस्तरायला माझ्या क्लासला येतात. मी स्पोकन इंग्लिश घेते, मागच्याच बॅचमधलं सांगते. ओझरचा एक मुलगा, हुशार, नर्सिंगची परीक्षा देतोय, त्याने लिहिलं, "द पेशंट हूम हॅज फीवर." मी विचारलं हूम का, तर म्हणे मॅडम, ज्याला ताप आहे. आता काय बोलणार, ज्याला म्हणजे हूम हे त्याने चोख पाठ केलेलं!

मराठीत ताप माणसाला असतो, भूक माणसाला लागते, पोहणं माणसाला येतं, मुली माणसाला असतात. ज्याला ताप आहे, ज्याला पोहता येतं, ज्याला दोन मुली आहेत. इंग्रजीत यातलं सगळं माणूस स्वतः करतो नाहीतर बाळगतो. ही हॅज फीवर, ही कॅन स्विम, ही हॅज टू डॉटर्स. म्हणून तिन्हीकडे हू. ज्याच्याकडे गाडी आहे तोसुद्धा "हू हॅज अ कार", त्यात विथ हूम वगैरे काही नाही.

मी पोरांना मराठी बाजूला ठेवायला लावते आणि आतलं वाक्य इंग्रजीतच सुटं करायला सांगते. तिथे ही बसतो की हिम? हिम बसला तर हूम, दोघांच्या शेवटी म. "वी कॉल्ड हिम", म्हणून "द ड्रायव्हर हूम वी कॉल्ड". "ही कॉल्ड अस", म्हणून "द ड्रायव्हर हू कॉल्ड अस". फळ्यावर देवनागरीत ही लिहिलं की एक तरी पोरगी विचारते मॅडम ही म्हणजे कोण ती, ते वेगळं.

गुरुजी_पंचवटी · मंगळवार, रात्री ९:४१

ताई, ज्याला ताप आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं आलं, तीस वर्षांत. माघार.

कॉलेजरोडची_ताई · मंगळवार, रात्री ९:५०

अहो माघार कसली गुरुजी, कामाचा मुद्दा तुमचाच आहे, आतल्या वाक्याकडे बघायचं. फक्त ते आतलं वाक्य इंग्रजीत बघायचं एवढंच.

आणि मणीभाऊ, बोलताना हूमची काळजी सोडा. इंग्रज लोकसुद्धा "द ड्रायव्हर हू आय कॉल्ड" म्हणतात, नाहीतर काहीच न लावता "द ड्रायव्हर आय कॉल्ड". लेखी मेलमध्ये टू, विथ, फॉर यांच्या लगेच मागे मात्र हूमच. "टू हूम", "विथ हूम". तिथे हू नाही आणि दॅट तर नाहीच.

सातपूरचा_फिटर · बुधवार, सकाळी ८:१०

ताई, काहीच न लावता चालतं म्हणजे कुठेही गाळायचं का? मी तर लगेच सुरू करतो.

कॉलेजरोडची_ताई · बुधवार, सकाळी ११:३५

कुठेही नाही ना. मराठीत आपण "मी खाल्लेली मिसळ" म्हणतो, त्यात जी-ती लागत नाही, तसं "द मिसळ आय एट" बरोबर. आत आय हा कर्ता बसलेला आहे म्हणून गाळता येतं. पण "मिसळ विकणारं दुकान बंद आहे" हे मराठीत जितकं सहज तितकंच इंग्रजीत फसवं. "द शॉप सेल्स मिसळ इज क्लोज्ड" नाही चालत. सेल्सला कर्ताच नाही, तिथे दॅट स्वतः कर्ता आहे, तो काढला की वाक्य लंगडं. मराठीत खाल्लेली आणि विकणारं दोन्ही सारख्याच वाटेने जातात म्हणून आपल्याला दोन्ही सारखीच वाटतात.

मिसळप्रेमी_३ · बुधवार, सकाळी ११:४०

कुठलं दुकान बंद आहे??

वाचनालयातला_कोपरा · बुधवार, दुपारी ३:००

आपल्या जो-तो मुळे होणारी अजून एक खोड. "जो पहिला येईल त्याला मिळेल" यात दोन टोकं असतात, जो आणि तो, दोन्ही लागतात. ते तसंच नेलं की "हू कम्स फर्स्ट, ही विल गेट इट" होतं. इंग्रजीला दुसरं टोक नको असतं, "द पर्सन हू कम्स फर्स्ट विल गेट इट". तसंच "द ग्रेप्स दॅट आय बॉट देम". दॅट आला की देमची जागा भरली, एका खुर्चीवर दोघं बसत नाहीत. एसटीत बसतात, ती गोष्ट वेगळी.

जिथेचंही तसंच आहे. "द हाउस व्हेअर आय लिव्ह इन" यात शेवटचा इन फालतू, तो व्हेअरच्या पोटात आहेच. आणि जागा दिसली की व्हेअर असंही नाही. पाहुण्याने लिहिलं, "नाशिक इज द सिटी व्हेअर आय व्हिजिटेड." व्हिजिटला सरळ कर्म लागतं, आय व्हिजिटेड द सिटी, म्हणून तिथे दॅट नाहीतर व्हिच. पण "द सिटी व्हेअर आय स्टेड" बरोबर, कारण स्टेड इन द सिटी. इथेही ताईंचंच, आतलं वाक्य सुटं करा.

निफाडकर_मणी · बुधवार, रात्री १०:१५

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवतोय. दोन शंका राहिल्या. एक, हूज फक्त माणसाला ना? कंटेनरचं सील तुटलं असेल तर काय लिहायचं? दोन, शेठ नेहमी "ऑल व्हॉट वी डिस्कस्ड" लिहितात, ते बरोबर आहे का, म्हणजे बरोबर नसलं तरी मी सांगणार नाहीये.

गुरुजी_पंचवटी · गुरुवार, सकाळी ७:०५

हूज वस्तूलाही चालतं. "द कंटेनर हूज सील वॉज ब्रोकन" अगदी शुद्ध आहे. हूमध्ये माणूस दिसतो म्हणून लोक बिचकतात आणि मग "द सील ऑफ व्हिच" असली सरकारी वाक्यं करतात.

ऑल व्हॉट चूक. व्हॉट म्हणजे जे काही, त्यात ती वस्तू आधीच आली. "व्हॉट वी डिस्कस्ड" म्हणा नाहीतर "ऑल दॅट वी डिस्कस्ड". ऑल, एव्हरीथिंग, नथिंग यांच्यामागे दॅट शोभतो.

जनावरांचं कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. एरवी व्हिच किंवा दॅट, पण घरचा, नावाने हाक मारतो असा बैल असेल तर हू खुशाल लावा. पोळ्याला ज्याच्या शिंगांना आपण रंग लावतो त्याला व्हिच म्हणायला माझा तरी हात धजत नाही.

निफाडकर_मणी · शुक्रवार, संध्याकाळी ५:५०

मंडळी, बायरला शेवटचं स्पष्टीकरण पाठवलं. शेठने वाचलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे आवडलं. इथे टाकतो:

"द बॉक्सेस दॅट वेअर वेट हॅव बीन चेंज्ड. द पॅलेट्स, व्हिच आर नाऊ ड्राय, वेअर लोडेड ऑन मंडे. द कॉन्ट्रॅक्टर हूम वी बिलीव्ह लेफ्ट द डोअर ओपन हॅज बीन वॉर्न्ड."

गुरुजी_पंचवटी · शुक्रवार, संध्याकाळी ६:२०

पहिली दोन वाक्यं फ्रेम करण्यासारखी. तिसऱ्यात "वी बिलीव्ह" वर बोट ठेवा आणि परत वाचा.

कॉलेजरोडची_ताई · शुक्रवार, संध्याकाळी ६:२४

वी बिलीव्ह ही लेफ्ट द डोअर ओपन. ही आहे, हिम नाही. वी बिलीव्ह मध्ये घुसलं आणि बिलीव्हचं कर्म समजून तुम्ही हूम लावलंत. हू पाहिजे होतं.

निफाडकर_मणी · शुक्रवार, संध्याकाळी ६:३१

पाठवून झालं :(

वाचनालयातला_कोपरा · शुक्रवार, संध्याकाळी ६:४०

इथे भलेभले इंग्रज पत्रकार घसरतात, मनाला लावून घेऊ नका. आणि बायर डच आहे, त्याचंही इंग्रजी शाळेतच शिकलेलं.

सातपूरचा_फिटर · शुक्रवार, संध्याकाळी ६:४२

रात्री साडेअकरापर्यंत फोन चालू ठेव.